श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज : वासना, उपासना आणि मुक्ती

॥ श्रीराम समर्थ ॥

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणारी सडक दहिवडी सोडून पुढे निघाली की माणगंगेच्या काठी गोंदवले बुद्रुक हे गाव लागते. सारा मुलूख माणदेशाचा. पाऊस बेताचा, जमीन हलकी, नदी वर्षातील बराच काळ कोरडी. हीच माणगंगा पुढे म्हसवडवरून आटपाडीच्या शिवारात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात शिरते आणि शेवटी भीमेला मिळते. अशा या कोरड्या मुलखात एक सत्पुरुष होऊन गेले. त्यांनी देह ठेवून शंभरावर वर्षे झाली, तरी त्यांच्या दारी आलेला माणूस आजही उपाशी परत जात नाही. ते म्हणजे श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज होत. आपल्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पार पडत असताना त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल. कारण देऊळ कशासाठी बांधावयाचे आणि देवाकडे काय मागावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या जगण्याने दिले आहे.

आपण देवळात जातो तेव्हा बहुतेक काही मागण्यासाठीच जातो. कोणी पावसासाठी, कोणी मुलाच्या नोकरीसाठी, कोणी आजार बरा व्हावा म्हणून, तर कोणी कोर्टातला दावा आपल्या बाजूने लागावा म्हणून नवस बोलतो. मग मनात शंका येते की ही भक्ती म्हणावयाची की देवाशी केलेला व्यवहार? आणि मागणे हाच दोष असेल, तर प्रपंचात रुतलेल्या माणसाला मोक्षाची वाट बंदच झाली काय?

शास्त्र काय सांगते

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या आयुष्याचे चार पुरुषार्थ सांगितले. ते म्हणजे धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. यात काम म्हणजे इच्छा. तिला पुरुषार्थांत मानाचे स्थान आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इच्छा नसती तर शेत पेरले गेले नसते, लग्ने झाली नसती, देऊळही उभे राहिले नसते. परंतु तिच्या एका बाजूला धर्माची आणि दुसऱ्या बाजूला मोक्षाची वेस घातलेली आहे. वेस ओलांडली की तोच काम षड्रिपूंमध्ये पहिला शत्रू म्हणून गणला जातो. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे म्हटली आहेत.

त्याच गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार दिले आहेत. संकटात सापडलेला तो आर्त, जाणून घेण्याची ओढ असलेला तो जिज्ञासू, काही लाभाच्या इच्छेने येणारा तो अर्थार्थी आणि सर्व जाणून भक्ती करणारा तो ज्ञानी. यांत ज्ञानी श्रेष्ठ असला तरी भगवंताने चौघांनाही थोर म्हटले आहे. म्हणजे मागण्यासाठी आलेल्या माणसालाही देवाने उंबऱ्याबाहेर ठेवलेले नाही. प्रश्न एवढाच उरतो की मागण्यापासून सुरू झालेली वाट पुढे कोठे जाते. गोंदवलेकर महाराजांचे सारे आयुष्य ही वाट दाखविण्यात गेले.

घराणे व जन्म

महाराजांचा जन्म शके १७६६, माघ शुद्ध द्वादशीस, बुधवार दिनांक १९ फेब्रुवारी १८४५ रोजी गोंदवले बुद्रुक येथे झाला. घुगरदरे हे त्यांचे आडनाव. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण होते. त्या काळी कुलकर्ण्याचे दप्तर म्हणजे गावाचा जमाखर्च. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे सर्व तेथे लिहिलेले असावयाचे. (ही वतने पुढे १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली.) आजोबा लिंगोपंत विठ्ठलभक्त, पंढरीचे निष्ठावंत वारकरी. वडील रावजी हे विरक्त वृत्तीचे आणि मातोश्री गीताबाई या श्रद्धाळू व दयाळू. मुलाचे नाव गणपती ठेवण्यात आले.

गणूला लहानपणापासून एकांताची ओढ होती. एका रात्री आजोबांना जाग आली तो नातू अंथरुणावर नाही. शोधाशोध करता मुलगा नदीकाठच्या घळीत ध्यान लावून बसलेला सापडला, असे सांगतात. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास गुरू शोधावयाचा म्हणून तो सवंगड्यांना घेऊन घरातून निघून गेला. घरच्यांनी शोध करून त्याला कोल्हापुराहून परत आणले. मुलाचे मन घरात रमावे म्हणून वडीलधाऱ्यांनी तेव्हाच्या रीतीप्रमाणे लवकरच त्याचे लग्न लावून दिले. सरस्वती ही वधू. परंतु लग्नानेही उपाय झाला नाही. गणपती पुन्हा घर सोडून गेला.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. देवाची ओढ ही सुद्धा एक इच्छाच आहे आणि तिच्यापायी मागे राहिलेल्या माणसांना दुःख होतेच. गीताबाईंचे डोळे वाटेकडे लागले. लहानग्या सरस्वतीला तर आपला संसार म्हणजे काय, हेही कळले नव्हते. चरित्र वाचताना हा भाग मनाला लागतो. पुढे गुरूंनी जो आदेश दिला, त्याचे महत्त्व हे दुःख समजून घेतल्यावरच कळते.

गुरूचा शोध

गणपती पायी फिरत राहिला. अक्कलकोटचे स्वामी समर्थ, हुमणाबादचे माणिकप्रभू अशा अनेक थोर पुरुषांचे दर्शन त्याने घेतले, असे चरित्रकार सांगतात. शेवटी निजामाच्या मुलखात मराठवाड्यातील येहळेगाव येथे श्रीतुकामाई यांच्या पायाशी तो येऊन पोचला. तुकामाई म्हणजे श्रीतुकाराम चैतन्य. त्यांचे वागणे वरवर पाहणाऱ्याला विचित्र वाटे. शिष्याकडून त्यांनी अतिशय कष्टाची सेवा करून घेतली, पदोपदी परीक्षा पाहिली. ऊन, भूक, अपमान सोसून गणपती तेथेच टिकून राहिला.

परीक्षा पुरी झाल्यावर गुरूंनी अनुग्रह केला आणि ब्रह्मचैतन्य हे नाव दिले. ज्याने देवासाठी घर सोडले, त्या शिष्याला जंगलात किंवा गुहेत राहावयास सांगितले जाईल असे कोणालाही वाटले असते. परंतु तुकामाईंचा आदेश उलट होता. संसारात राहावे, प्रापंचिक माणसांमध्ये वावरावे आणि त्यांना रामनामाला लावावे. संसार बुडत असेल तर बुडणाऱ्यांतच जाऊन उभे राहावे, असा त्याचा अर्थ होतो.

पुनश्च गोंदवले

काही वर्षे तीर्थाटन करून महाराज गोंदवल्यास परतले. सरस्वतीबाईंना त्यांनी परमार्थात आपल्याबरोबर घेतले आणि गुरूंच्या दर्शनालाही नेले. परंतु या दांपत्याचे मूल जगले नाही आणि पुढे सरस्वतीबाईही वारल्या. प्रपंचाचे दुःख महाराजांनी दुरून पाहिले नाही. ते त्यांच्या अंगणात येऊन गेले होते.

मातोश्रींनी दुसऱ्या विवाहाचा आग्रह धरला. आईचा शब्द मोडावयाचा नाही म्हणून महाराजांनी मान्यता दिली, परंतु मुलगी आपण स्वतः निवडू अशी अट घातली. त्यांनी निवडली ती आटपाडीच्या देशपांडे घराण्यातील मुलगी, जिला डोळ्यांनी दिसत नव्हते. त्या काळी अशा मुलीच्या बापाला रात्रीची झोप नसे. मनुष्य लग्नात रूप पाहतो, हुंडा पाहतो, चाकरी करणारे दोन हात पाहतो. महाराजांनी यांतले काही पाहिले नाही. गोंदवल्यास सर्व मंडळी त्यांना आईसाहेब म्हणू लागली. त्यांचे मंदिर आज गोंदवल्यास आहे आणि आटपाडीकरांना त्याचा अभिमान वाटतो. ज्या मुलीकडे व्यवहाराने ओझे म्हणून पाहिले असते, तिच्या पायांवर हजारो माणसे आज डोके टेकवितात. वासना कमी झाली म्हणजे संसाराचे रूप कसे पालटते, हे समजण्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

दुष्काळ

सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखाची काय दशा झाली असेल, याची कल्पना येथील शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. अशा वेळी महाराजांनी आपल्या शेतात कामे काढली आणि आलेल्या माणसांना कामाच्या मोबदल्यात भाकरी दिली. फुकट दिले असते तर घेणाऱ्याची मान खाली गेली असती. काम देऊन त्यांनी माणसाचे पोटही राखले आणि मानही राखला. उपाशी माणसाला नुसता वेदान्त सांगणे त्यांना कधी पटले नाही. आधी अन्न, मग नाम, असा त्यांच्या घरचा रिवाज पडला.

म्हसवडच्या बाजारातून कसायाकडे जाणारी गुरे ते पैसे मोजून सोडवीत आणि गोंदवल्यास आणून सांभाळीत. त्यासाठी गोशाळा होती. भाकड जनावराचा उपयोग काय, हा प्रश्न व्यवहाराला धरून आहे. परंतु उपयोग संपला की सोडून द्यावयाचे, ही वृत्ती एकदा मनात शिरली की ती जनावरापाशी थांबत नाही, घरच्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत येते.

घर मोकळे केले

मातोश्री गीताबाईंना काशीयात्रा घडवावयाची ठरली. म्हाताऱ्या माणसाचा जीव घरात, भांड्याकुंड्यात अडकलेला असतो. प्रवासात निम्मे लक्ष मागे राहते. महाराजांनी निघण्यापूर्वी घरातील चीजवस्तू ज्याला हवी त्याने न्यावी असे गावाला सांगितले आणि पाहता पाहता घर मोकळे झाले. पिढ्यान्‌पिढ्या गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या घराने आपल्या स्वतःच्या खात्यावर शून्य बाकी काढली. मग आईला घेऊन ते यात्रेस निघाले. काशी, प्रयाग करून मंडळी अयोध्येस गेली आणि रामाच्या त्या नगरीतच गीताबाईंनी देह ठेवला. जिच्या मागे कुलूप लावावयास काही उरले नव्हते, तिला पुढे जाताना अडचण ती कसली? मुलाने आईला दिलेली ही सर्वांत मोठी भेट म्हणावी लागेल.

वासनेचे काय करावे

दिवसेंदिवस गोंदवल्यास माणसांची रीघ लागली. येणाऱ्यांत वकील होते, मामलेदार होते, शेतकरी होते, विधवा स्त्रिया होत्या, व्यसनांनी वाया गेलेली माणसे होती. प्रत्येकाचे मागणे निराळे. महाराज कोणाला झिडकारीत नसत. प्रपंच टाका असेही कोणाला सांगत नसत. नोकरी करणाऱ्याने नोकरी नीट करावी, शेतकऱ्याने शेत नीट करावे, बायकोमुलांची आबाळ करू नये आणि हे सर्व करीत असता मुखाने रामनाम घ्यावे, कर्ता राम आहे ही भावना ठेवावी व राम ठेवील त्यात समाधान मानावे. एवढेच सांगणे त्यांनी जन्मभर केले. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप त्यांनी हजारो माणसांना लावून दिला. त्याला सोवळे लागत नाही, पैसा लागत नाही, विद्वत्ता लागत नाही.

यातील मर्म असे आहे की वासना ही देहापेक्षा सूक्ष्म आहे. घर सोडून रानात गेले तरी ती बरोबर येते. दडपली तर दुसऱ्या वाटेने उफाळते. भोग दिला तर घटकाभर निजते आणि दुप्पट भुकेने उठते. शास्त्रकार म्हणतात की मरतेवेळी उरलेली वासनाच पुन्हा जन्माला घालते. मग तिचे करावे काय? शेतात दारे धरणाऱ्या माणसाला याचे उत्तर माहीत असते. पाटाला आलेले पाणी हाताने थोपवू म्हटले तर बांध फुटतो. चार खोरी माती ओढून एक दार बंद करावे आणि दुसरे उघडावे, म्हणजे तेच पाणी हव्या त्या वाफ्यात जाते. मनाची ओढ पैशाकडे, मानाकडे, देहसुखाकडे धावत असते. ती नामाकडे वळविणे म्हणजे उपासना. पाणी तेच, ओढही तीच, परंतु पीक वेगळे येते.

आरंभी माणूस देवाजवळ वस्तू मागतो. नाम घेता घेता वस्तू मिळो न मिळो, देणारा जवळचा वाटू लागतो. पुढे मागण्याची आठवण कमी होत जाते आणि एके दिवशी मागावयास काही उरत नाही. हीच वासनेची निवृत्ती आणि हीच मुक्तीची सुरुवात. शास्त्रात सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्या आहेत. त्या मेल्यावर मिळतात की जिवंतपणी, हा विद्वानांचा वाद आहे. महाराजांच्या सहवासात आलेल्या साध्या माणसाला मात्र एवढे कळे की काळजी कमी झाली, हाव कमी झाली, दुसऱ्याच्या दुःखाला हात पुढे होऊ लागला. आपल्यासारख्यांना याहून वेगळी खूण कशाला हवी?

रामाची देवळे

सातारा आणि सांगली हा मुलूख रामउपासनेला नवा नाही. समर्थ रामदासस्वामींनी चाफळला राममंदिर उभारले. शहापूर, मसूर, उंब्रजपासून बहे-बोरगाव आणि बत्तीस शिराळ्यापर्यंत मारुतीची स्थापना केली आणि सज्जनगडावर देह ठेवला. त्यानंतर दोन शतकांनी त्याच मुलखात महाराजांनी रामउपासनेला पुन्हा उजाळा दिला. गोंदवल्यास थोरले आणि धाकटे अशी दोन राममंदिरे त्यांच्या काळात उभी राहिली. महाराष्ट्राबाहेरही त्यांच्या प्रेरणेने राममंदिरे झाली. कर्नाटकात त्यांचे शिष्य बेलधडीचे श्रीब्रह्मानंद महाराज यांनी, तसेच जालन्याचे श्रीरामानंद महाराज यांनी हे कार्य दूरवर नेले.

या देवळांचा थाट मोठा नव्हता. परंतु तेथे नित्य पूजा, नामस्मरण आणि येणाऱ्याला अन्न या तीन गोष्टी चालू राहाव्यात, यावर महाराजांचा कटाक्ष असे. देऊळ चुना-विटांनी उभे राहते, पण ते जागते राहते ते उपासनेने, ही गोष्ट त्यांनी कधी नजरेआड होऊ दिली नाही.

अखेर

उतारवयात महाराजांना दम्याचा विकार जडला. श्वास घेणे कठीण होई, तरी आलेल्या माणसाची विचारपूस आणि नामाचे सांगणे थांबले नाही. शके १८३५, मार्गशीर्ष वद्य दशमीस, सोमवार दिनांक २२ डिसेंबर १९१३ रोजी पहाटे त्यांनी गोंदवल्यास देह ठेवला. वय अडुसष्ट वर्षांचे होते. गोशाळेच्या जागेत त्यांची समाधी बांधण्यात आली आणि समाधीच्या वर गोपालकृष्णाची मूर्ती आहे. ज्या गाईंना त्यांनी बाजारातून सोडवून आणले, त्यांच्याच जागेत ते विसावले.

दर वर्षी मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेपासून दशमीपर्यंत पुण्यतिथी उत्सव होतो. २०१३ साली शंभरावी पुण्यतिथी झाली. गोंदवल्यास आजही पंगतीला बसणाऱ्याला जात, गाव, देणगी काही विचारले जात नाही. पान मांडले जाते, नामाचा गजर होतो आणि प्रसाद वाढला जातो.

आपल्यासाठी बोध

आपल्या देवळाच्या या कामी कोणी हजारांनी रक्कम दिली, कोणी वाळूची खेप टाकली, कोणी गवंड्याच्या हाताखाली आठ दिवस राबले, तर कोणा म्हातारीने पदराच्या गाठीची नोट काढून दिली. देणाऱ्यांत कोणाचा नवस फळला असेल, कोणाचा फळावयाचा असेल, कोणाला आपले नाव फरशीवर यावे असेही वाटले असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आर्त आणि अर्थार्थी हेही भक्तच आहेत आणि मागावयास आलेल्या माणसाला गोंदवल्याहून कोणी परत पाठविले नव्हते.

मात्र तेवढ्यावर थांबू नये. ज्या दिवशी देवळात शिरताना फरशीवरील आपले नाव वाचण्याची आठवण राहणार नाही आणि थेट गाभाऱ्याकडे लक्ष जाईल, त्या दिवशी आपली देणगी देवाला पोचली असे समजावे. नव्या कळसाखाली रोज सांजवात लागावी, आठवड्यातून एकदा तरी चार माणसांनी बसून नाम घ्यावे, गावात आलेला वाटसरू उपाशी निजू नये आणि दुष्काळात शेजाऱ्याला काम द्यावे. एवढे घडले तर जीर्णोद्धार देवळाचा झालाच, आपलाही झाला असे म्हणता येईल. श्रीमहाराजांच्या कृपेने ही बुद्धी सर्व ग्रामस्थांना व देणगीदारांना होवो, हीच प्रभू रामचंद्राच्या चरणी प्रार्थना.

॥ जानकीजीवनस्मरण जयजयराम ॥